अटी, शर्ती आणि आठ हजार कलमं

आयुष्यात एखादं वाक्य स्वतःच्या डोक्यातून लिहिलंय का, असं मला कोणी विचारलं तर मी प्रामाणिकपणे नाही म्हणेन. सत्तावीस वर्षं मी सौंसरच्या एका कार्यालयात बाबू आहे, आणि बाबू लिहीत नसतो, तो जुनी नस्ती काढतो. (फाइलीला आमच्या मध्यप्रदेशात नस्ती म्हणतात. तुमच्याकडे नुसती फाइल हरवते, आमच्याकडे नस्ती हरवते.) मागच्या वर्षीचं पत्र घ्यायचं, तारीख बदलायची, नाव बदलायचं आणि साहेबांची सही घ्यायची. याच पद्धतीनं मी तीन साहेबांचे निरोपसमारंभ एका भाषणात उरकलेत. तिसऱ्यांदा नाव बदलायचं राहून गेलं, तरी साहेब गहिवरले. ही सवय दारात चपलांपाशी काढून घरात यावं, एवढं मला कळायला हवं होतं.

झालं असं की जयश्रीच्या रोपवाटिकेसाठी वेबसाइट करायची, असं मी एका रविवारी चहा पिता पिता ठरवून टाकलं.

जयश्री म्हणजे आमची बायको. तिचे वडील रघुनाथराव, म्हणजे आमचे बाबूजी, संत्र्याची कलमं बांधण्यात एवढे वाकबगार की पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत कोणाच्याही बगिच्यात जा, चार झाडं तरी त्यांच्या हातची निघतात. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून गेल्या दोन वर्षांपासून जयश्रीनं काम हाती घेतलं. जंबेरीची, म्हणजे आंबट रानटी लिंबाची, रोपं वाढवली, त्यांवर बाबूजींच्या जुन्या झाडांचे डोळे भरले, आणि यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं आठ हजार कलमं विक्रीला काढली. संत्र्याच्या धंद्यात गोम अशी आहे की कलम आज घ्यायचं आणि ते खरं की खोटं हे पाच वर्षांनी फळ धरल्यावर कळायचं. म्हणजे शेतकरी कलम घेत नाही, विश्वास घेतो. बाबूजींवर लोकांचा विश्वास होता. जयश्रीवर तो बसतो की नाही, ते या एका हंगामात ठरणार होतं. ती बोलत नव्हती, पण जून लागल्यापासून तिची झोप उडाली होती.

वेबसाइटची बातमी कळताच तिचा मावसभाऊ अभिजीत नागपूरहून आला. तो एका कंपनीचं वेबसाइट सांभाळायचं सॉफ्टवेअर विकतो. चहा पूर्ण व्हायच्या आत त्यानं लॅपटॉप उघडला.

"भाऊजी, कंपनीचं लायसन्स घ्या. दरसाल रिन्यू करायचं. चोवीस तास सपोर्ट. रात्री-बेरात्री फोन लावा, माणूस उचलते."

"आणि एखाद्या साली नाही भरले पैसे तर?"

"तर साइट लॉक होते. पण तुम्ही कायले नाही भरान?"

मला हा प्रस्ताव मनापासून आवडला. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा एक मोठा फायदा असतो, भांडायला माणूस मिळतो. काही बिघडलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न बाबूच्या रक्तात असतो.

त्याच दिवशी माझी पुतणी तृप्ती पांढुर्ण्याहून आली होती. ती तिथल्या एका शाळेत कम्प्युटर शिकवते. ती म्हणाली, "काका, एवढ्याशा साइटसाठी लायसन्सचे पैसे कायले घालवता? ओपन सोर्स घ्या ना. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलं आहे. आतली सगळी रचना उघडी राहते. कोणीही पाहावं, सुधारावं, दुसऱ्याले द्यावं."

"फुकट?"

"फुकट."

"मग तिकडं फोन लावला तर उचलते कोण?" अभिजीतनं विचारलं.

"फोन नाही आहे. पण विचारलं तर कोणीतरी सांगते."

कोणीतरी हा शब्द माझ्या चांगलाच ओळखीचा होता. सत्तावीस वर्षांत मी कोणीतरी नावाच्या माणसाकडे पुष्कळ कागद पाठवलेत, एकही परत आलेला नाही.

कोपऱ्यात बाबूजी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता थांबवून अभिजीतला एकच विचारलं, "का रे, तुही कंपनी डोळकाडी देते का?"

अभिजीतला कळेना. मग जयश्रीनं सांगितलं. चांगल्या झाडाची एक काडी कापून घेतली की तिच्यावरचे डोळे काढून दुसऱ्या रोपांवर भरता येतात. त्या काडीला डोळकाडी म्हणतात. बाबूजी कलम विकत, पण दारी येऊन डोळकाडी मागणाऱ्याकडून त्यांनी कधी पैसा घेतला नाही. घेऊन जा, स्वतः भर, नाही जमलं तर विचारायला ये, आणि उद्या तुझ्याकडे कोणी काडी मागितली तर तूही दे. एवढीच त्यांची अट असे.

"कंपनी आतलं काही देत नसते, मावसाजी," अभिजीत खाली मान घालून म्हणाला. "तयार वस्तू देते."

"मंग तृप्ती म्हंते तेच ठीक आहे," बाबूजी म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. अभिजीत रागावला नाही. जाताना त्यानं "काही अडलं तर फोन करा" असं म्हटलं, आणि मी तो नंबर अगदी वर जपून ठेवला.

तृप्तीनं दोन दिवसांत साइट उभी केली. जयश्रीचा फोटो, कलमांचे फोटो, बुकिंगचा फॉर्म, खाली लोकांना मत लिहायला जागा. निघताना ती म्हणाली, "काका, अटी-शर्तींचं पान तेवढं राहिलं. ते तुम्ही लिहा. तुमचं कामच आहे."

तुमचं कामच आहे, हे शब्द ऐकून माझी छाती फुगली. (ती वर्षातून फार वेळा फुगत नाही.) शर्टाच्या बाह्या दुमडून मी कम्प्युटरसमोर बसलो आणि नेहमीप्रमाणे आधी जुनी नस्ती शोधू लागलो. आता रोपवाटिकेच्या अटींची जुनी नस्ती कुठून आणणार? शोधता शोधता त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचंच लायसन्स सापडलं. काय भाषा होती. परिच्छेद पाडलेले, शेवटी जबाबदारी झटकलेली. जबाबदारी इतक्या सुबकपणे झटकलेली मी आमच्या खात्यातसुद्धा पाहिली नव्हती. मशीनकडून त्याचं मराठी करून घेतलं. मग जिथं जिथं 'सॉफ्टवेअर' होतं तिथं तिथं एका बटणात 'कलम' करून टाकलं, 'लेखक' होता तिथं 'जयश्री' केलं, आणि पान चढवून दिलं. एकूण सात मिनिटं लागली. वाचून पाहिलं का, असं विचारू नका. आम्ही वाचत बसलो असतो तर सरकार चाललं असतं का?

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सुरक्षा म्हणून मी साइटचा पासवर्डही बदलला, नवा पासवर्ड कागदावर लिहिला, कागद पाकिटात घालून सील केला आणि कार्यालयात नेऊन एका गोपनीय नस्तीत ठेवला.

मंगळवारी सकाळी सात वाजता पहिला फोन आला. लोधीखेड्याहून कोणीतरी विचारत होतं, "कलमं कधीपासून वाटून राहिले?"

वाटून हा शब्द मला थोडा खटकला, पण मी "या, या" म्हणालो. आठपर्यंत असे अकरा फोन झाले. मी जयश्रीला अभिमानानं म्हटलं, "पाह्य, वेबसाइटचा परिणाम." तिनंही मला हसून दुसरा चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो, कारण त्यानंतर दुपारपर्यंत मला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही.

बारावा फोन सावरगावच्या रवींद्रचा होता. त्यानं बाराशे कलमं सांगून ठेवली होती, हंगामातलं सगळ्यात मोठं बुकिंग. जयश्रीनं फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, माझं बुकिंग राहू द्या."

"काहून भाऊ, काय झालं?"

"तुमीच लिहून राहिले ना, हमी नाही म्हणून. पाच वर्षं झाड पोसायचं, अन् मंग जंबेरी निघाली तर मी कोणाले विचारू?"

जयश्रीनं फोन ठेवला, चष्मा लावला आणि साइट उघडली. अटींचं पान ती मोठ्यानं वाचू लागली. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती स्पष्ट कळते.

"'हे कलम कोणीही, कोणत्याही हेतूनं, विनामूल्य न्यावे. हव्या तितक्या प्रती काढाव्या, मित्रांना व शेजाऱ्यांना वाटाव्या.'" ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढं वाचलं. "'हे कलम जसे आहे तसे देण्यात येत आहे. कसलीही हमी नाही. हे कलम कोणत्याही उपयोगाचे असेलच असे नाही. कलमामुळे झालेल्या कुठल्याही नुकसानीस जयश्री जबाबदार राहणार नाही.'"

बाबूजींनी अडकित्ता खाली ठेवला.

"हे कोणी लिहिलं?" तिनं विचारलं.

खरं सांगायचं तर मी लिहिलं नव्हतंच, पण त्या वेळी हा मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता.

"दोन वर्षं मी पाठ मोडून एकेक डोळा भरला," ती हळू आवाजात म्हणाली. "लोक बाबूजींचं नाव घेऊन येतात. त्यांच्या दारात तुमी लिहून ठेवलं, कशाचीच हमी नाही." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले होते आणि मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

एवढ्यात बाहेर दोन पिकअप आणि एक ट्रॅक्टर-ट्रॉली येऊन थांबली. मागून मोटरसायकली. संत्रावाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पान फिरलं होतं. फुकटात कलमं न्यायला तीस-पस्तीस माणसं गोण्या आणि दोऱ्या घेऊन आली होती. एकजण तर बायकोच्या माहेरचीही ऑर्डर घेऊन आला होता, कारण शेजाऱ्यांना वाटायची परवानगी होती.

पान काढून टाकायला मी कम्प्युटरकडे धावलो. पासवर्ड मागितला. पासवर्ड गोपनीय नस्तीत होता. कार्यालयात फोन लावला, तर कळलं की ती नस्ती गोपनीय असल्यामुळे कुठं ठेवली आहे ते कोणालाच ठाऊक नाही. तृप्तीला लावला, तर ती परीक्षेच्या ड्युटीवर, फोन बंद. शेवटी अभिजीतला लावला.

"भाऊजी, आमचं लायसन्स असतं तर मी दोन मिनिटांत खोलून दिलं असतं," तो म्हणाला. मग त्याचा आवाज मऊ झाला. "त्यांचं एक मदतीचं पान राहते. तिथं विचारून पाहा. माणसं चांगली असतात म्हणते. मी निघूनच राहिलो, पण मले दोन-अडीच तास लागतील."

मी ते पान उघडलं. आता मदत मागायची तर अर्ज हवा, आणि अर्जाची नस्ती माझ्याकडे होती. 'महोदय, विषयांतर्गत सविनय निवेदन है कि' पासून सुरू केलं, मशीनकडून इंग्रजी केलं, खाली 'संलग्न: निरंक' लिहिलं आणि पाठवून दिलं. सहीच्या खाली पदनामही टाकलं.

बाहेर गलका वाढला होता. मी खिडकीतून पाहिलं, तर जयश्री पदर खोचून ओट्यावर उभी होती. (मी बाहेर का गेलो नाही? अर्जाच्या उत्तराची वाट पाहत होतो.)

"भाऊ, जरा ऐका," ती म्हणाली. "ते लिहिण्यात चूक झाली. कलम फुकट नाही. त्यात दोन वर्षांची मेहनत आहे माझी."

"मंग लिहिलं कायले?" ट्रॉलीवाला म्हणाला. "आमी डिझेल जाळून आलो ना."

"चूक आमची आहे, म्हणून आलेल्या कोणाले मी रिकाम्या हातानं नाही पाठवणार. बाबूजी डोळकाडी फुकट देत होते, मीही देईन. डोळे भरायची वेळ आली की या, पाहिजे तेवढी काडी न्या. भरता येत नसंल त्याले मी शिकवीन. पण तयार कलम पाहिजे तर त्याचे पैसे लागतील."

तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढं आले. लोधीखेड्याचे शालिकराम. त्यांच्याजवळ गोणी नव्हती की दोरी नव्हती.

"मी कलमं न्यायले नाई आलो, पोरी," ते म्हणाले. "नातीनं वाचून दाखवलं. मले वाटलं, कायतरी संकट आलं हाये, सारं फुकट वाटून घर बंद करून राहिले. म्हून पायले आलो." मग ते लोकांकडे वळले. "हमी नाई लिहिलं ना? लिहिनाऱ्यानं नसंल लिहिली. मी लिहून देतो. माह्या सहाशे झाडांची काडी रघुनाथरावच्या घरची हाये. एकोणीस वर्षं झाले, एक झाड दगा नाई देल्लं. अन् तवा मी एक रुपया देल्ला नोता, कारन यानं घेतलाच नाई."

बाबूजी दारात येऊन उभे होते. शालिकरामांनी त्यांचा थरथरता हात धरला. मी खिडकीत होतो म्हणून माझे डोळे कोणाला दिसले नाहीत.

मग एकेकजण बोलू लागला. कोणाच्या वडिलांनी काडी नेली होती, कोणाच्या आज्यानं. ट्रॉलीवाला गोणीची घडी करत म्हणाला, "माझ्याकडंही तीस झाडं आहेत यांच्याच काडीची. रिकामी ट्रॉली नेण्यापेक्षा शंभर कलमं लिहून घ्या, पैसे देऊन."

त्याच वेळी आत कम्प्युटर टुणकन वाजला. अर्ज पाठवून चाळीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटांत आमच्याकडे अर्जावर आवक क्रमांकही पडत नाही. उत्तर देणाऱ्याच्या फोटोच्या जागी मांजर होतं. तो कोण, कुठल्या देशातला, मला आजही माहीत नाही. त्यानं चार पायऱ्या लिहिल्या होत्या, शिवाय 'घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं' असंही लिहिलं होतं. मी एकेक पायरी पार केली आणि साइट उघडली. मी त्याला फी विचारली. उत्तर आलं, फी काही नाही, पुढं कोणाला अडलं तर तुम्ही सांगा.

मी ते जयश्रीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तर बाबूजींचंच बोलणं झालं."

अटींचं पान पुसायला मी हात पुढं केला, तर तिनं मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. पाच ओळी लिहिल्या. डोळकाडी फुकट मिळेल, ज्याला मिळाली त्यानं पुढं मागणाऱ्याला द्यावी. कलम विकत मिळेल. कलम आमच्याच झाडाच्या डोळ्याचं आहे, याची हमी माझी. दुसऱ्या जातीचं निघालं तर पाच वर्षांनीही दारी या. खाली तिचं नाव. जुनी नस्ती न काढता लिहिलेलं पान मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. संध्याकाळपर्यंत त्याखाली शालिकरामांच्या नातीनं आजोबांची हमी लिहिली, तिच्याखाली आणखी चौदा जणांनी आपापली झाडं मोजून लिहिली. दुसऱ्या दिवशी रवींद्रचा फोन आला, बाराशेचे पंधराशे करा म्हणून. पंधरा दिवसांत आठ हजार कलमं संपली.

अभिजीत तीन तासांनी पोचला तेव्हा काम झालं होतं. तरी त्यानं संध्याकाळपर्यंत बसून बुकिंगचा फॉर्म नीट केला आणि जेवणाशिवाय काही घेतलं नाही. तृप्तीला पान दाखवलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "काका, त्या लायसन्समध्ये परवानगी फुकट असते, वस्तू विकायले मनाई नाहीच आहे. तुमी ते धड चोरलंही नाही."

त्या मांजरवाल्या उपकारकर्त्याला आभाराचं पत्र पाठवायला हवं होतं. माझं मन खरोखर भरून आलं होतं, त्यामुळे मी सर्वांत उत्तम नस्ती काढली. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: 'आपल्या शुभेच्छांबद्दल धन्यवाद, पण मी बावीस वर्षांचा आहे आणि निवृत्त होत नाही.'

परवा जयश्रीनं साइटवर 'आमच्याविषयी' असं नवं पान केलं. तीन फोटो आहेत. पहिला बाबूजींचा, खाली लिहिलंय, 'डोळा यांचा.' दुसरा तिचा, 'हात माझा.' तिसरा माझा, आणि त्याखाली, 'विनायक. जसे आहेत तसे. कसलीही हमी नाही.'

मी म्हटलं, "बाकी लिहिलं ते ठीक आहे. पण उघडून पाहायची अन् सुधारायची मुभा असते, तेही लायसन्समध्ये होतं. निदान तेवढं तरी लिही."

"मुभा होती ना," जयश्री म्हणाली. "लग्न झालं तेव्हापासून उघडून पाहून राहिली. दर खेपेला आत मागच्या वर्षीचीच नस्ती निघते."